सुलोचनाबाईंच्या लावण्या जुन्या रेकॉर्डवर ऐकायच्यात? मग इथून सुरू करा

आजकाल बरेच जण नवा रेकॉर्ड प्लेयर घेतात, त्यावर एखादी महागडी, नव्याने छापलेली मोठी रेकॉर्ड म्हणजे रिइश्यू एलपी लावतात, आणि मग विचारतात की मराठीत काय घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे, सुलोचना चव्हाण. कारण एकतर त्यांच्या ईपी, म्हणजे सात इंची छोट्या रेकॉर्डी, अजून बाजारात सापडतात, आणि दुसरं म्हणजे लावणी हा प्रकार तबकडीवर ऐकला की वेगळाच कळतो. फडावर लावणी अर्धी कानाने आणि अर्धी डोळ्याने घ्यायची असते, समोर नाचणारीण असते, तिची अदा असते, भुवई असते. रेकॉर्डवर यातलं काहीच नाही. तीन-साडेतीन मिनिटं आणि एक आवाज, बस. त्यामुळे जी अदा पायात आणि नजरेत असायची ती सगळी बाईंना गळ्यात आणावी लागली, आणि ती त्यांनी कशी आणली हे ऐकायला शिकणं म्हणजेच या रेकॉर्डी ऐकायला शिकणं. बाकी प्लेयर, पिन, साफसफाई हे सगळं त्याच्यासाठीच.

पण आधी शोधाशोध.

नावाचा घोळ निस्तरा

बाजारात किंवा ऑनलाइन नुसतं 'सुलोचना' टाकलंत तर भलतंच हाती लागेल. मराठी सिनेमातल्या आईच्या भूमिकांच्या सुलोचनादीदी वेगळ्या, मूकपटांच्या काळातल्या सुलोचना अजून वेगळ्या. आपल्या सुलोचनाबाई गिरगावातल्या, जन्म १९३३ चा, माहेरचं आडनाव कदम. लग्नाआधी आणि सुरुवातीच्या काळात त्या हिंदी सिनेमात गायच्या आणि तेव्हाच्या लेबलांवर सुलोचना कदम किंवा के. सुलोचना असं नाव असतं. १९५१ च्या 'ढोलक' सिनेमातलं 'चोरी चोरी आग सी दिल में' हे त्यांचंच. म्हणजे शोधताना तिन्ही नावं टाकायची, शिवाय इंग्रजी स्पेलिंगमध्ये चव्हाणचे जितके प्रकार सुचतील तितके, कारण विकणारा बऱ्याचदा मराठी नसतो आणि लेबलवर दिसलं तसं किंवा त्याला जमलं तसं तो लिहितो.

लावणीकडे त्या वळल्या त्या पती श्यामराव चव्हाण यांच्यामुळे, लावणीतले गुरू म्हणून त्या त्यांचंच नाव घ्यायच्या. १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा' मधलं 'नाव गाव कशाला पुसता', जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि वसंत पवारांचं संगीत, इथून पुढे मग थांबल्याच नाहीत. १९६५ चा 'मल्हारी मार्तंड' घ्या, त्यात गदिमांची 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला' आहे, चाल पुन्हा वसंत पवारांचीच. लावणीसम्राज्ञी ही पदवी आचार्य अत्र्यांनी दिलेली. पद्मश्री मिळाली ती मात्र २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बाई गेल्या. पुरस्कारांच्या उशिराबद्दल बोलायला बसलो तर हा लेख तिथेच संपेल, म्हणून पुढे जाऊ.

तबकडी कोणती, स्पीड किती

तीन-चार प्रकार तुमच्यासमोर येतील.

७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, दहा इंची, जड, काळी, हातातून पडली की तुकडे. ही प्लास्टिकची नसते, लाखेपासून केलेल्या शेलॅकची असते. एका बाजूला एकच गाणं, साधारण तीन मिनिटं. बाहेरच्या देशांत हा प्रकार बंद पडल्यावरही आपल्याकडे बरीच वर्षं निघत होता, त्यामुळे साठच्या दशकातली गाणी सुद्धा कधीकधी ७८ वर मिळतात. बाईंची सुरुवातीची हिंदी गाणी हवी असतील तर ७८ ला पर्याय नाही.

ईपी म्हणजे सात इंची, ४५ च्या स्पीडची, बहुतेक वेळा एका बाजूला दोन गाणी. माझ्या मते लावणीसाठी हीच खरी साइज. दोन लावण्या ऐका, उठा, बाजू बदला, परत दोन. लावणी बारा-बारा सलग ऐकायची गोष्टच नाही, ठसका अंगवळणी पडला की त्याचा ठसका राहत नाही.

एलपी म्हणजे बारा इंची, ३३⅓ ची. लावण्यांच्या निवडक गाण्यांच्या एलपी नंतर निघाल्या, सोयीच्या आहेत, कव्हर मोठं असतं म्हणून शोभतात पण छान. फक्त पहिली खरेदी ही नको, किंमत उगाच जास्त असते.

आणि एक गंमत, सात इंची दिसली म्हणजे ४५ असेलच असं नाही. एचएमव्ही कंपनीने 'सुपर सेव्हन' नावाने सात इंची पण ३३⅓ ची तबकडी सुद्धा काढली होती. ती ४५ वर लावली की बाई एकदम घाईत असल्यासारख्या गातात आणि ढोलकी मुंग्या चावल्यासारखी पळते, आणि नवीन माणसाला वाटतं की लावणी अशीच असते. तेव्हा लेबलवर स्पीड वाचल्याशिवाय सुई टेकवायची नाही.

लेबलवरचा नंबर पण बघायची सवय लावा. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी ने सुरू होणारा नंबर म्हणजे मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) आणि ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा). सात इंचीवर नंबराच्या आधी 'एस' आणि तिरकी रेघ दिसली तर स्टिरिओ. स्टिरिओ म्हणजे भारी आणि मोनो म्हणजे हलकं असं अजिबात नाही, उलट त्या काळच्या लावणीला मोनोच शोभतं, आवाज आणि ढोलकी एकाच ठिकाणाहून अंगावर येतात. आणि हो, हा सगळा माल छापला जायचा कुठे, तर कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात. अस्सल कोल्हापूरची लवंगी मिरची बंगालातून पॅक होऊन यायची, काय म्हणणार.

प्लेयर

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि इथेच सगळ्यात कमी विचार करतात. सुटकेससारखे दिसणारे रंगीत प्लेयर टाळा. त्यांची सुई जड बसते, पाच-सहा ग्रॅमपर्यंत, आणि तिचं वजन कमी-जास्त करायची सोयच नसते. जुनी ईपी आधीच झिजलेली असते, तिच्यावर अजून वजन कशाला. चांगल्या प्लेयरला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतं.

नवीन घ्यायचा तर ऑडिओ टेक्निकाचा एलपी ६० एक्स हा साधा पर्याय आहे, प्रीअँप (सुईचा बारीक आवाज वाढवणारा भाग) आतच असतो म्हणजे अँप्लिफायर आतच असलेल्या स्पीकरला सरळ जोडता येतो. पण तो फक्त ३३ आणि ४५ वाजवतो. ७८ ऐकायच्या असतील तर तीन स्पीडचा लागेल, उदाहरणार्थ त्याच कंपनीचा एलपी १२० एक्स यूएसबी, आणि त्याला ७८ ची वेगळी सुई. हे वेगळ्या सुईचं प्रकरण सिरीयसली घ्या, कारण ७८ ची खाच (गाणं कोरलेली, सुई जिच्यातून फिरते ती रेघ) ईपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते, साधी सुई तिच्या तळाशी घसटत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. एलपी १२० च्या कार्ट्रिजवर (सुई ज्यात बसते त्या तुकड्यावर) सुई पटकन बदलता येते, तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ७८ वाली मिळते, दोन्ही ठेवा आणि बदलायला विसरू नका.

आजोबांचा चावीचा भोंगावाला ग्रामोफोन घरात असेल तर त्याच्यावर फक्त ७८. त्याची पोलादी पिन ईपीवर लावली तर ईपी गेलीच म्हणून समजा, एका फेरीत.

अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर जुन्या ईपीला ते दाबा. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं असतं ते खाचेच्या डाव्या-उजव्या हालचालीत. स्टिरिओ सुई वर-खालची हालचाल पण वाचते, आणि मोनो तबकडीत वर-खाली असतं काय, तर धूळ आणि ओरखडे. बटण दाबलं की तो भाग एकमेकांत कटतो आणि खरखर चक्क कमी होते. फुकटात मिळणारा एवढा मोठा फायदा दुसरा नाही.

बाजारात गेल्यावर

मुंबईत चोर बाजारची मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, या दोन जागा तर सगळ्यांना माहीत. जिल्ह्याच्या गावी भंगारवाले, जुने साउंड सर्व्हिसवाले (लग्ना-जत्रेला लाउडस्पीकर भाड्याने देणारे), बंद पडलेली रेडिओ दुरुस्तीची दुकानं. खरा माल तिथेच असतो कारण या रेकॉर्डी दिवाणखान्यात वाजल्याच नाहीत फारशा. पांढरपेशा घरात लावणीची ईपी उघड ठेवत नसत, नाट्यगीतांच्या खाली लपवलेली असायची. त्या वाजल्या मांडवात, जत्रेत, लग्नात, कर्ण्यावर. म्हणून बऱ्याच ईपींवर कुठल्यातरी साउंड सर्व्हिसचा रबरी शिक्का असतो, किंवा ऑइल पेंटने नंबर टाकलेला असतो. कलेक्टर लोकांना तो नको असतो, मला उलट आवडतो, आणि त्यामुळे भाव पण उतरतो. फक्त एवढं लक्षात घ्या की मांडवात वाजलेली रेकॉर्ड म्हणजे जड सुईखाली शेकडो वेळा गेलेली रेकॉर्ड.

बघायची कशी, तर कव्हरमधून काढून कडेने धरायची, खाचांना बोट लावायचं नाही, आणि उन्हात तिरकी करायची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच चकाचक दिसतं. बारीक केसासारख्या रेघा चालतात. नखाने हळूच चाचपल्यावर जो ओरखडा लागतो तो वाजताना टक टक करणार हे नक्की. आणि काळ्या चकाकीऐवजी राखाडी पट्टे दिसत असतील तर खाच झिजलेली आहे, धुऊन काही होणार नाही. लावणीत हे पट्टे कुठे असतात माहितीये का, जिथे ढोलकी जोरात वाजते तिथेच, कारण तिथे खाचेची वळणं सगळ्यात मोठी आणि जड सुईने आधी तिथलीच भिंत खाल्लेली असते. म्हणजे सगळ्यात भारी जागाच आधी फाटते. शक्य असेल तर दुकानदाराला वाजवून दाखवायला सांगा, आणि सुरुवातीचं नाही, आतल्या बाजूचं दुसरं गाणं लावायला सांगा, मधल्या लेबलाच्या जवळ आवाज आपोआप थोडा फाटतो, तिथे जर बाई स्वच्छ ऐकू आल्या तर बाकीची रेकॉर्ड चांगलीच असणार.

७८ असेल तर कडेला टवका आणि केसाएवढी चीर बघा. टवका गाण्यापर्यंत पोचला नसेल तर घ्या, चीर असेल तर ठेवून द्या.

घासाघीस करा पण दुर्मिळ दुर्मिळ म्हणून कोणी डोक्यावर बसत असेल तर सरळ पुढे चला. गाजलेल्या सिनेमांच्या ईपी भरपूर छापल्या गेल्यात, एक गेली तर दुसरी येईल. घाई करायची ती फक्त सिनेमाबाहेरच्या लावण्या आणि कदम नावाच्या ७८ दिसल्या तर. आणि नादच लागला तर मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथल्या मंडळींनी लिहून ठेवलेलं वाचा, आपण किती वरवर बघतो ते कळेल.

धुणं आणि पावसाळा

घरी आणलेली रेकॉर्ड धुतल्याशिवाय लावू नका. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ मायक्रोफायबर, आणि पुसायचं ते खाचांच्या दिशेने गोल गोल, आडवं कधीच नाही. लेबल ओलं करायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने एकदा, आणि उभी ठेवून सावलीत वाळवायची. नळाचं पाणी नको, क्षार बसतात. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं क्लीनर ७८ ला लावायचंच नाही, शेलॅक त्यात विरघळतो, अक्षरशः गाणं फडक्यावर येतं.

आपल्याकडे खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबर. कोकणात, मुंबईत कव्हरला बुरशी येते आणि तिथून ती तबकडीवर जाते, पांढरे ठिपके दिसतात. आतलं जुनं कागदी पाकीट फेकून द्या (त्यावर जाहिरात छापलेली असेल तर वेगळी जपून ठेवा, पण रेकॉर्ड त्यात नको), नवीन आतलं पाकीट घ्या, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचल्या की वाकतात. गाडीच्या डिकीत उन्हात तर नकोच नको.

आता ऐकायचं

पहिली ईपी कुठलीही चालेल. पण एकच लावणी तीन वेळा ऐका, तिन्ही वेळा वेगळ्या गोष्टीसाठी.

पहिल्यांदा नुसती ढोलकी. बाई सुरू व्हायच्या आधी ढोलकीचा तुकडा येतो, मग ती आवाजाखाली दबते, कडव्याच्या शेवटी परत उसळते. मोबाईलच्या स्पीकरवर ढोलकी म्हणजे नुसतं टकटक, तिची डावी बाजू, तो घुमारा, ऐकूच येत नाही. रेकॉर्डवर बऱ्यापैकी स्पीकर असेल तर डावी-उजवी वेगळी कळते. तुकडा संपतो आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) शब्द येतो ती जागा पकडा, सगळी मजा त्या एका जागेवर आहे.

दुसऱ्यांदा शब्द. बाईंची शब्दफेक हे त्यांचं हत्यार. त्या ओळ सरळ गात नाहीत, फेकतात, एखादा शब्द आधीच तोडतात, एखाद्यावर रेंगाळतात, ण आणि ळ असे काही उच्चारतात की गाव डोळ्यासमोर यावं. आणि गंमत म्हणजे स्वतः बाई डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभ्या राहून हे गायच्या. एक हातवारा नाही. मग ती नजर, ती मान मुरडणं आलं कुठून? 'नाव गाव कशाला पुसता' मध्ये प्रश्न विचारणाऱ्याला त्या कशा उडवून लावतात ते बघा, रागावल्याही नाहीत आणि लाजल्याही नाहीत. पडद्यावरचं चित्र आठवू नका, उलट विसरा. सिनेमा न बघता ऐकणाऱ्याला हे जास्त लवकर कळतं असं माझं ठाम मत आहे.

तिसऱ्यांदा फक्त श्वास आणि शेवट. ओळ संपताना त्या आवाज कसा सोडतात, झटक्यात की लाडात, पुढच्या ओळीआधी श्वास कुठे घेतात. झिजलेल्या रेकॉर्डवर सुद्धा हे ऐकू येतं.

मग तुलना करा. 'ढोलक' मधलं १९५१ चं गाणं ७८ वर मिळालं नाही तर ऑनलाइन ऐका, आणि लगेच 'मल्हारी मार्तंड' ची ईपी लावा. पहिल्यात एक गोड, नीटनेटकी, त्या काळच्या हिंदी गाण्याच्या साच्यातली तरुण मुलगी आहे. दुसऱ्यात तीच बाई, पण आवाजाला धार आलेली. मधल्या वर्षांत काय झालं ते कुठल्या लेखात वाचण्यापेक्षा या दोन तबकड्या पुढेमागे लावा.

त्यानंतर 'कळीदार कपुरी पान'. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल, म्हणजे 'जय जय महाराष्ट्र माझा' ची जोडी. इथे ढोलकीचा कडकडाट नाही तर विडा लावावा तसं सावकाश एकेक करून सजवलेलं गाणं आहे. वसंत पवारांच्या लावण्यांनंतर हे ऐकलं की बाई फक्त ठसक्याच्या गायिका होत्या हा समज जातो. मला विचाराल तर हेच त्यांचं सगळ्यात देखणं काम, भांडायचं असेल तर भांडा.

कोणीतरी जाणकार तुम्हाला सांगेल की ही खरी लावणी नाहीच, सिनेमाची आहे, खरी ती फडावरची किंवा बैठकीची, यमुनाबाई वाईकर ऐका. यमुनाबाई ऐकाच, अदाकारी म्हणजे काय ते तिथे कळेल, एक ओळ कितीतरी प्रकारे फिरवून सांगायची कला आहे ती. पण तिला वेळ लागतो आणि समोर माणूस लागतो. तीन मिनिटांच्या तबकडीत तो वेळच नव्हता, म्हणून बाईंनी दुसरी वाट काढली. एकाला खरं म्हणायला दुसऱ्याला खोटं म्हणायची गरज नाही.

ऑनलाइन जे ऐकाल त्याबद्दल एक सावधगिरी, कॅसेटच्या काळात गाजलेल्या लावण्या दुसऱ्या गायिकांकडून परत गाऊन घेतलेल्या, सिंथेसायझर टाकून, आणि तशा बऱ्याच फायली मूळ नावाने फिरतायत. तुमच्या ईपीशी ताडून बघा, ढोलकीचा पहिलाच तुकडा ऐकून लक्षात येतं.

जाता जाता, डिजिटल कॉपी

ईपी चांगली असेल तर लगेच एक कॉपी करून ठेवा. यूएसबी प्लेयर आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरतं, मोनो रेकॉर्ड असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोच सेव्ह करा. टक टक काढायची ती एकेक हाताने, जिथे कानाला टोचतेय तिथेच. खरखर कमी करायचं जे ऑटोमॅटिक फिल्टर असतं ते मात्र जपून, थोडं जरी जास्त लावलं तरी ते सगळ्यात आधी घुंगरू खातं, मग ढोलकीची चाट (कडेवरचा टणक आवाज), आणि मग बाईंचा आवाज उशीखालून आल्यासारखा होतो. मूळ न धुतलेली, सॉरी, न फिल्टर केलेली फाइल वेगळी ठेवा आणि फाइलच्या नावात लेबलवरचा नंबर टाका, सहा महिन्यांनी कुठली कुठून आली ते तुम्हालाच आठवणार नाही.